हरिहरेश्वर-दिवेआगरची दोन दिवसांची सहल: आधी तिथी बघा, मग खोली घ्या

हरिहरेश्वरला जाणारी बहुतेक कुटुंबं एकाच पद्धतीने फसतात. शनिवारी सावकाश निघायचं, वाटेत दोनदा चहा, बाराच्या पुढे पोहोचायचं, दर्शन घ्यायचं आणि देवळामागच्या डोंगराला समुद्रकाठच्या कातळावरून घालायच्या प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरायच्या. नेमकी पौर्णिमा असते, भरती पूर्ण चढलेली असते आणि वाट पाण्याखाली असते. शहाणी माणसं फोटो काढून परत फिरतात. काही जण "एवढं काही नाही" म्हणत कातळावर उतरतात. इथल्या खडकांवरून लाटेने ओढून नेलेल्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. सूचनाफलक उगाच लावलेले नाहीत.

हा लेख पुणे-मुंबईकडून दोन दिवस, एक रात्र जाणाऱ्या, बरोबर मुलं आणि आजी-आजोबा असलेल्या कुटुंबासाठी आहे. पट्टा दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर एवढाच. मुरुड-जंजिरा यात कोंबू नका. आगरदांडा-दिघी जंगरमुळे (गाड्या वाहून नेणारी बोट) नकाशावर तो जवळ दिसतो, पण जंगरची रांग, मग राजपुरीची होडी, मग किल्ला, यात एक पूर्ण दिवस जातो.

## टप्पा १: तिथीवरून ओहोटीची वेळ काढा

हे काम खोली शोधण्याच्या आधी करायचं. कोकण किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. शुक्ल असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे भरती दुपारी तीनच्या सुमारास. त्यातून सव्वासहा तास वजा केले की ओहोटी सकाळी पावणेनऊला. एकादशीला भरती सकाळी सव्वाआठला, ओहोटी दुपारी अडीचला. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बारा-सव्वाबाराला. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास.

या हिशोबात अर्धा-पाऊण तासाची चूक धरून चाला, अष्टमीच्या आसपास कधी त्याहूनही जास्त. शनिवार-रविवार निवडायला तो पुरतो, कातळावर उतरायला पुरत नाही. उतरण्याआधी त्या तारखेचं छापील किंवा ऑनलाइन भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचंच.

वेळेइतकीच पाण्याची उंचीही बघा. अमावस्या-पौर्णिमा आणि त्यापुढचे एक-दोन दिवस उधाणाचे. तेव्हा पाणी खूप मागे जातं, एरवी न दिसणारा कातळ उघडा पडतो, माणसं मोहाने पुढे जातात आणि पाणी तितक्याच जोरात परत येतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते. तेव्हा पाणी फार मागे जात नाही, पण चढतंही संथपणे. कुटुंबासाठी मला मधल्या तिथी आवडतात: चतुर्थी-पंचमी किंवा एकादशी-द्वादशी. ओहोटी उजेडात मिळते आणि समुद्र दोन्ही टोकांना नसतो.

तपासा: वेळापत्रकातली "ओहोटी" म्हणजे पाणी सर्वांत खाली असण्याची वेळ. गावात मात्र "ओहोटी लागली" म्हणजे पाणी उतरायला सुरुवात झाली. फोनवर "ओहोटी किती वाजता?" असं विचारलंत तर दोन माणसांकडून सहा तासांच्या फरकाची उत्तरं येतील आणि दोन्ही बरोबर असतील. प्रश्न असा विचारा: "काकू, शनिवारी पाणी पूर्ण सुकतं कधी?"

## टप्पा २: आधी दिवेआगर की आधी हरिहरेश्वर, हे ठरवा

बहुतेक जण सवयीने आधी दिवेआगर करतात. ते नेहमी बरोबर नसतं.

१. रविवारी तृतीया ते पंचमी. ओहोटी सकाळी आठ ते साडेनऊ. शनिवारी दिवेआगर, शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धन, मुक्कामाला हरिहरेश्वर. रविवारी सकाळी दर्शन आणि प्रदक्षिणा. हा सर्वांत सोयीचा बेत.

२. शनिवारी एकादशी ते त्रयोदशी. ओहोटी दुपारी अडीच ते चार. उलट जा: शनिवारी थेट हरिहरेश्वर, दुपारी प्रदक्षिणा, मुक्काम श्रीवर्धन किंवा दिवेआगर, रविवारी निवांत किनारा. डिसेंबरात चारची ओहोटी असेल तर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो हे लक्षात ठेवा.

३. सप्तमी ते नवमी. ओहोटी साडेअकरा ते एक. थंडीत ठीक. एप्रिल-मेमध्ये काळा कातळ इतका तापतो की मुलं टेकायला हात लावतात आणि ओरडतात.

४. अमावस्या-पौर्णिमा. ओहोटी झुंजूमुंजू होताना किंवा दिवेलागणीला. मुक्काम हरिहरेश्वरलाच असेल आणि सगळे पहाटे उठणारे असतील तरच प्रदक्षिणेचा विचार करा. नाहीतर ती सोडून द्या आणि बाकीची सहल मजेत करा. भर दुपारची उधाणाची भरती श्रीवर्धनच्या धक्क्यावर सुरक्षित अंतरावरून बघणं हाही कार्यक्रमच आहे.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी उत्तम. ऑक्टोबरात आकाश स्वच्छ असतं, पण पावसाळ्यातलं शेवाळ कातळावरून पुरतं गेलेलं नसतं. पावसाळ्यात प्रदक्षिणा नाही. अजिबात नाही.

## टप्पा ३: मुक्कामाच्या घरी फोन करा

आता खोली. दिवेआगर आणि हरिहरेश्वरला घरगुती निवासाची सोय भरपूर आहे. आजी-आजोबा असतील तर तळमजल्याची खोली आणि कमोड आहे का, हे आधीच विचारा. फोटोत नारळी-पोफळीची वाडी दिसते, जिना दिसत नाही.

त्याच फोनमध्ये आणखी तीन गोष्टी उरकून घ्या. पाणी कधी सुकतं हा वरचा प्रश्न. प्रदक्षिणेची वाट सध्या चालू आहे का, कारण समुद्र खवळला की ती बंद ठेवतात. आणि जेवण. घरगुती ठिकाणी माणशी मोजून रांधतात, दारात उभं राहून सहा ताटं मागितली तर ती मिळत नाहीत. शनिवारी रात्रीचं जेवण सकाळी निघतानाच कळवा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. मासळीचा भाव आणि प्रकार त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो, म्हणून "सुरमईच हवी" असा हट्ट न धरता "ताजं काय आहे?" असं विचारणाऱ्याला चांगलं जेवायला मिळतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या पापलेटाची जाहिरात दिसली तर ते बर्फातलं समजा.

सावधान: संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, दिवेआगरच्या गणपतीला गर्दी असते, आणि श्रावणी सोमवार व महाशिवरात्रीला हरिहरेश्वरला. तिथी काढताना हेही बघून घ्या.

## टप्पा ४: सामान कमी, पण हे नक्की

पादत्राणांवर सगळं अवलंबून आहे. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल माणशी एक जोड. स्लिपर ओल्या कातळावर पायातून निसटते. अनवाणी तर नकोच: भरतीच्या पट्ट्यातल्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कपच्या ब्लेडसारख्या कापतात आणि खाऱ्या पाण्यात ती जखम लवकर भरत नाही.

बाकी प्रत्येकासाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीत वेगळ्या पिशवीत, टोप्या, माणशी एक लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, बँडेज, जंतुनाशक. घाटात उलटी होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी ठेवावी आणि ती घाट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी गाडीच्या पायपुसण्यावरच जाते. रोख रक्कम ठेवा. किनाऱ्याच्या रस्त्यावर रेंज जाते आणि शहाळंवाल्याकडे क्यूआर असून उपयोग होत नाही. वेळापत्रकाचा स्क्रीनशॉटही आदल्या रात्रीच घ्या.

## टप्पा ५: रस्ता

पुण्याहून: पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, मग मोर्बा, साई, म्हसळा. म्हसळ्याहून बोर्ली पंचतनमार्गे दिवेआगर किंवा सरळ श्रीवर्धन. अंतर १७० किलोमीटरच्या आसपास, पण मुलांसह पाच तास धरा. ताम्हिणीची वळणं उजेडात करायची, म्हणून साडेपाच-सहाला घर सोडा. पावसाळ्यात घाट कधी दरडीमुळे, कधी दुरुस्तीसाठी बंद असतो. निघण्याआधी चौकशी करा.

मुंबईहून: पनवेल, वडखळ, कोलाड, माणगाव. पहाटे पाचला निघालात तर माणगावात नाश्ता होतो, सातला निघालात तर माणगावच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत. जोडून सुट्टी आली की माणगावचा बाजारपेठेतला रस्ता तुंबतो, हे गृहीतच धरा.

गाडी नसेल तर कोकण रेल्वेने माणगाव आणि पुढे श्रीवर्धनची एसटी. मग मुक्काम एकाच गावी ठेवा.

तपासा: इंधन माणगावातच भरा. एटीएमचं कामही तिथेच.

## टप्पा ६: हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

इथे घाई चालत नाही आणि उशीरही चालत नाही.

१. ओहोटीच्या दोन तास आधी मंदिरात पोहोचा. इथला रिवाज आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग पुन्हा काळभैरवाचं. शनिवार-रविवारच्या रांगेत तास सहज जातो. पुष्कळांची वेळ रांगेतच संपते आणि मग ते पाणी चढत असताना पायऱ्या उतरतात. दर्शनाला उशीर झाला तर प्रदक्षिणा रद्द करायची, वेळ ताणायची नाही.

२. कोण जाणार, कोण थांबणार, हे वरच ठरवा. मंदिरामागून वाट डोंगरावर चढते आणि मग दोन कातळभिंतींच्या चिंचोळ्या घळीतून उभ्या पायऱ्यांनी थेट समुद्रावर उतरते. गुडघे दुखणाऱ्यांना, तोल जाणाऱ्यांना आणि कडेवरच्या बाळांना हे जमण्यासारखं नाही. एक मोठं माणूस त्यांच्याबरोबर देवळात थांबवा. थांबणाऱ्याला सांगून ठेवा: "आम्ही इतक्या वाजेपर्यंत आलो नाही तर चौकशी कर."

३. उतरायची वेळ: पाणी पूर्ण सुकण्याच्या साधारण एक तास आधी. मुलांसह सगळा फेरा तासाभराचा धरा, म्हणजे पाणी सर्वांत खाली असताना तुम्ही बाहेर पडत असता. "ओहोटी नऊला आहे, मग नऊला उतरू" हा हिशोब चुकीचा, कारण नऊनंतर समुद्र तुमच्याकडे यायला लागतो. पहिला तास तो हळू चढतो, त्याने माणूस निर्धास्त होतो. भरतीच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढतं.

४. शेवटच्या कोरड्या पायरीवर दहा मिनिटं उभे राहा. फोटो नाही, नुसतं बघायचं. लाटा सारख्या नसतात. लहान लाटा येत राहतात आणि मध्येच तीन-चार मोठ्यांचा गट येतो. त्या गटातल्या एकाही लाटेचा फेस चालायच्या वाटेवर आला तर तिथूनच परत फिरा. कातळाचा रंगही बघा. खळग्यांत पांढरं मीठ सुकलेलं असेल तर तिथे बराच वेळ पाणी आलेलं नाही. काळाभोर, चकचकीत किंवा हिरवट दगड म्हणजे ओला. त्यावर पाय ठेवायचा नाही.

५. चालताना मोठी माणसं समुद्राच्या बाजूला, मुलं डोंगराच्या बाजूला. एका मोठ्या माणसाकडे एकच मूल. इथे लाटांनी आणि खारटाणाने कातळ पोखरून त्याची जाळी केली आहे. मुलांना ती हात लावून बघू द्या, तिच्या भोकांत बोटं घालू द्या, डबक्यातले खेकडे दाखवा, पण हे सगळं डोंगराच्या कडेला. समुद्राकडे पाठ करून कुणीही उभं राहायचं नाही. लाट फोटो काढणाऱ्याला दिसते, ज्याचा फोटो काढतात त्याला दिसत नाही.

६. अर्ध्या वाटेवर घड्याळ बघा. ओहोटीची वेळ उलटून गेली असेल आणि पुढची वाट ओली दिसत असेल तर आलेल्या वाटेने मागे फिरा. मागची वाट तुम्ही नुकतीच कोरडी पाहिली आहे, पुढचीची खात्री नाही.

७. कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला दुसरा माणूसही जातो, हे कोकणात फार वेळा घडलं आहे. तरंगणारी वस्तू फेका: रिकामी बंद बाटली, दोरी, ओढणी. ११२ वर फोन करा. तटरक्षक दलाचा बचावासाठीचा क्रमांक १५५४ आहे, रुग्णवाहिकेचा १०८.

सावधान: आकाश निळं आणि वारा पडलेला असतानाही समुद्र खवळलेला असू शकतो. हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या वादळाच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा उंच लाटांचे इशारे जिल्हावार देते. रायगडसाठी इशारा असेल तर ओहोटीचा हिशोब विसरा, खाली उतरू नका. आणि तिथला पोलीस, जीवरक्षक किंवा शहाळी विकणारे काका "आज नको" म्हणाले तर वाद न घालता ऐका.

## टप्पा ७: शेखाडीचा रस्ता आणि किनारे

दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता भरडखोल, शेखाडी, कोंडविल, आरावीवरून समुद्राला चिकटून जातो. बोर्ली-म्हसळ्याच्या आतल्या रस्त्याकडे मॅप तुम्हाला ढकलेल, ऐकू नका. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, पण दोन तास राखून ठेवा. ऊन कलल्यावर हा रस्ता करावा, भर बाराला सगळं पांढरं दिसतं. गाडी वळणावर न थांबवता रुंद जागा बघून थांबवा, वळणापलीकडून एसटी येते. भरडखोलला मासळी वाळत घातलेली असते. मुलांनी नाक धरलं तरी चालेल, पण वाळवणावरून चालू देऊ नका, ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे.

पोहण्याचं. वाळूच्या किनाऱ्यावर प्रदक्षिणेच्या उलट नियम लागतो: पाणी चढत असताना काठाशी खेळायचं, उतरायला लागलं की बाहेर. उतरतं पाणी आत ओढतं. पाणी कमरेपर्यंत पुरे. लाटांच्या रांगेत मध्येच एक शांत, गढूळ पट्टा दिसला तर तिथे उतरू नका, तीच आत नेणारी ओढ असते. त्यात सापडलात तर काठाकडे झुंजत बसू नका, काठाला समांतर पोहत बाजूला या. जेलीफिशचा चटका बसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी ओतू नका, चोळू नका, आणि धाप लागली किंवा सूज चढली तर लगेच दवाखाना गाठा.

गाडी वाळूत घालू नका. ते बेकायदा आहे, दंड होतो, आणि ओली वाळू वरून घट्ट दिसली तरी चाक थांबलं की खाली बसते. मग ट्रॅक्टर शोधेपर्यंत भरती चढते. भरतीच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे व्हिडिओ दर सुट्टीत फिरतात, त्यात आपली नको.

वेळ उरलाच तर श्रीवर्धनच्या बाजारातून रोठा सुपारी, कोकम, आंबोशी घ्या. बागमांडल्याहून वेश्वीला जाणाऱ्या जंगरने बाणकोट आणि वेळास गाठता येतं. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. पण त्यासाठी तिसरा दिवस काढा, आणि पिल्लं त्या दिवशी निघतीलच असं मुलांना कबूल करू नका.

## टप्पा ८: परतीची वेळ

रविवारी जेवून एकपर्यंत निघा. चारनंतर निघालेल्या सगळ्या गाड्या माणगावात एकत्र येतात, आणि पुणेकरांना ताम्हिणी अंधारात करावी लागते. रात्रीचा ताम्हिणी घाट, मागे झोपलेली मुलं आणि दिवसभर उन्हात फिरलेला चालक, हे टाळा. उशीर झालाच असेल तर माणगावात थांबा आणि सोमवारी पहाटे पाचला निघा. शाळेला एखादा तास उशीर झाला तर चिठ्ठी लिहिता येते.

घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी गोड्या पाण्याने धुऊन घ्या, तळाकडून आणि चाकांच्या आतल्या बाजूनेही. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या गाडीला खाऱ्या हवेचा गंज खालूनच धरतो.